इतर औषधे : काही नाही

ऑर्लीन ट्वेटच्या छातीत एक झडप आहे, कार्बनची.
खोली शांत असली की ऐकू येते :
टिक. टिक.
मी तिचं बोट पुसते, आम्ही दोघी गप्प,
ती तिसरीच बोलत राहते.

अकरा वर्षं, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
ती येते चाळीस मैलांवरून,
नॉर्थ डकोटाचा वारा गाडीला ढकलत असला तरी.
आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा.
खाली गेला तर झडपेवर गाठ धरते,
वर गेला तर रक्ताला थांबायचं कुठे तेच कळत नाही.
"कुंपणाच्या तारेवरची मांजर आहे मी," ती म्हणते.

फेब्रुवारीत आकडा आला सात पूर्णांक आठ.
मी यंत्र बदललं. बोट बदललं.
मग शिरेतून घेतलं.
सात पूर्णांक आठ.

मांडीवर ताटाएवढा जांभळा डाग.
"कुत्रा चढला अंगावर."
उशीच्या अभ्र्यावर सकाळी लाल.
"रात्री बीट खाल्लं होतं."

फॉर्मवर एक चौकट आहे : इतर औषधे.
तिथे तिचं अक्षर, पेरणीच्या ओळीसारखं सरळ :
काही नाही.

खोटं नव्हती बोलली ती.
तेल म्हणजे तेल.
बिजागरीला घालतात, कढईत घालतात.
हे जावयाने आणलं होतं, डॅरेलने,
पेट्रोलपंपाच्या काउंटरवरून, च्युइंगगमच्या शेजारचं.
आधी जिभेखाली चार थेंब,
आणि पंधरा दिवसांत
तिच्या वाकड्या बोटांना शर्टाची बटणं लावता आली.
मग चारांनी भागेना.
मग चमचा.
मग सकाळी एक चमचा, रात्री एक.
बाटलीवर हिरवं पान, सात बोटांचं.
एकही बोट तिच्या गोळ्यांच्या डबीकडे दाखवत नव्हतं.

डॉक्टर ब्येर्केंनी कागदावर चित्र काढलं :
"यकृत म्हणजे आपला धान्याचा एलिव्हेटर.
सुगीचे दिवस, फाटक एकच.
तेलाचे ट्रक इतके आले
की तुझ्या गोळीचे बाहेर रस्त्यावरच उभे राहिले,
भरलेले. रक्तात."
ऑर्लीनने तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे.
"आणि तिथे शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं?"
डॉक्टरांनी पेन बंद केलं.
मी फॉर्मकडे बघितलं.

दोन रात्री तिला ठेवून घेतलं.
दुसऱ्या रात्री मी रागावलेच :
झाडापासून आलं म्हणून काय झालं, ऑर्लीन?
ती छताकडे बघत म्हणाली,
"आजोबांच्या सतरा गाई गेल्या.
ओला राहिलेला क्लोव्हर, बुरशी धरलेला.
शिंगं कापली आणि रक्त थांबेचना,
गोठ्यातलं बर्फ तांबडं.
त्याच गवतात कोणाला तरी ते सापडलं,
माझी गोळी तिथूनच आली, मुली.
झाडपाला काय करतो ते मला नको शिकवूस."

मग?

"मग काय. बटणं लागत होती."

यावर माझ्यापाशी काही नव्हतं.
टिक. टिक.

आता चौकटीखाली मी हाताने लिहिते :
थेंब, तेल, चहा, मलम,
शेजारणीने दिलेलं, जावयाने आणलेलं,
ज्याला तुम्ही औषध म्हणत नाही ते सगळं.
ऑफिसातली मार्लिस म्हणते, छापील फॉर्म असा बिघडवायचा नसतो.
मी बिघडवते.

मार्चमध्ये आकडा तीन.
चौकटीत पुन्हा : काही नाही.
"या वेळी खरंच," ती म्हणाली,
आणि कोट उघडाच ठेवून दाराकडे निघाली.
बाहेर उणे एकोणीस.
मी काउंटरच्या बाहेर आले, तिच्यासमोर वाकले,
खालून वर एकेक बटण लावत गेले.
ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी,
शाळेतल्या मुलासारखी.

सगळ्यात वरचं लावू देत नाही ती.
गळ्याशी अडतं म्हणते.